शेतातून दप्तरापर्यंत : मोबाइल प्रपत्रांतील छायाचित्रांची रवानगी व जतन

१. प्रास्ताविक

गावच्या महसुली दप्तरात गाव नमुना बारा या नावाचे एक नोंदपुस्तक असते. कोणत्या शेतात, कोणत्या हंगामात, कोणते पीक, किती क्षेत्रावर उभे आहे याची माहिती त्यात लिहिलेली असते. जमिनीचा धारक दाखविणारा नमुना सात व पिकांची नोंद दाखविणारा नमुना बारा हे दोन्ही एकत्र केले म्हणजे शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाचा सात-बारा उतारा तयार होतो. पिकांची ही नोंद तलाठी करीत असे. त्यासच आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. एका तलाठ्याकडे शेते पुष्कळ आणि हंगामाचे दिवस थोडे, त्यामुळे प्रत्येक बांधावर जाणे त्याला नेहमीच साधत नसे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र शासनाने ‘ई-पीक पाहणी’ ही योजना राज्यभर सुरू केली. तीत खातेदार शेतकरी स्वतः आपल्या शेतात उभा राहून मोबाइलवरील प्रपत्र भरतो, पिकाचे छायाचित्र घेतो आणि ते दोन्ही शासनाकडे पाठवितो. छायाचित्र घेतले त्या जागेचे अक्षांश व रेखांश त्याबरोबर नोंदले जातात. पुढे केंद्र शासनाच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी ही पद्धत जोडण्यात आली. पीककर्ज, पीकविमा, नैसर्गिक आपत्तीनंतरची मदत, आधारभूत किमतीने होणारी खरेदी, ह्या सर्व ठिकाणी पिकाच्या नोंदीचा आधार घेतला जातो. म्हणून शेतात घेतलेले छायाचित्र दप्तरापर्यंत सुखरूप पोचते की नाही, ह्या प्रश्नाशी शेतकऱ्याच्या घरातील वर्षभराची बेगमी निगडित झालेली आहे.

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. पंजाबात ह्याच पाहणीस गिरदावरी म्हणतात व ती पटवारी करतो. चंडीगडहून अंबाल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर डेराबस्सी हे तहसिलीचे ठिकाण आहे. जुलै २०२३ मध्ये घग्गर नदीला मोठा पूर आला तेव्हा ह्या परिसरातील शेतांत पाणी शिरले. त्या पुरानंतर पिकांच्या हानीची मोजदाद करण्यासाठी पंजाब शासनाने विशेष गिरदावरी करण्याचा आदेश दिला. आता विचार करा. पाणी ओसरते, गाळ वाळतो, शेतकरी पुन्हा भाताची लावणी करतो. त्यानंतर पाहणीस आलेल्या माणसाला पुराची खूण ती काय दिसणार? वेळेवर घेतलेले आणि नीट जपून ठेवलेले छायाचित्र मात्र ती दाखवू शकते.

परंतु येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. एकट्या छायाचित्राला फारशी किंमत नसते. पाण्यात बुडालेले भाताचे एक शेत दुसऱ्यासारखेच दिसते. ते चित्र कोणत्या शेताचे, कोणी घेतलेले व केव्हाचे, ही नोंद त्याला जोडलेली असेल तरच ते पुरावा ठरते. फोनमधून निघून दप्तरात स्थिरावेपर्यंत छायाचित्राला जो प्रवास करावा लागतो, त्यात चित्र हरविण्याचा संभव असतो. आणि त्याहून अधिक संभव असतो तो चित्राचे नोंदीशी असलेले नाते तुटण्याचा. हे नाते कसे जोडले जाते, ते कोठे तुटते आणि कसे राखावे, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे.

२. प्रपत्र व छायाचित्र यांची जोडणी

कागदी अर्जाला छायाचित्र खळीने चिकटवितात किंवा टाचणीने टोचतात. टाचणी गळाली की छायाचित्र कोणत्या अर्जाचे हे सांगणे कठीण होते, म्हणून जाणता कारकून छायाचित्राच्या पाठीवर अर्जाचा क्रमांक लिहून ठेवतो. मोबाइल प्रपत्रात हेच काम निराळ्या रीतीने होते.

अशी प्रपत्रे तयार करण्याची अनेक साधने आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘ओपन डेटा किट’ हे साधन अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये प्राध्यापक गेटानो बोरिएल्लो व त्यांच्या विद्यार्थ्यांनी विकसित करण्यास आरंभ केला. आज ते ओडीके ह्या नावाने ओळखले जाते. ‘कोबोटूलबॉक्स’ हे त्याच घराण्यातील दुसरे साधन होय. आरोग्य, शेती, पाणीपुरवठा, वने अशा नाना क्षेत्रांतील पाहण्यांसाठी ती जगभर वापरली जातात. साधने निराळी असली तरी त्यांची मूळ रचना बरीच सारखी असते; म्हणून ओडीकेचे उदाहरण घेऊन ती समजून घेऊ.

एक प्रपत्र भरून झाले की फोनमध्ये त्याचे एक स्वतंत्र दालन, म्हणजे फोल्डर, तयार होते. त्यात दोन प्रकारच्या वस्तू असतात. पहिली, सर्व उत्तरे लिहिलेला एक मजकूर. दुसरी, जितकी छायाचित्रे घेतली असतील तितक्या चित्रांच्या फाइली. उत्तरांच्या मजकुरात प्रत्यक्ष चित्र नसते. ‘पिकाचे छायाचित्र’ ह्या प्रश्नापुढे उत्तर म्हणून चित्राच्या फाइलीचे केवळ नाव लिहिलेले असते. हे नाव बहुधा एक तेरा अंकी आकडा असतो. उदाहरणार्थ, १७२३६९८०००१२३. हा आकडा मनमानेल तसा घेतलेला नसतो. १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून, जागतिक प्रमाणवेळेनुसार, त्या क्षणापर्यंत किती सहस्रांश सेकंद लोटले ते त्यावरून कळते. वरील आकडा भारतीय वेळेनुसार १५ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी साडेदहाच्या क्षणाचा आहे.

ह्याखेरीज प्रत्येक भरलेल्या प्रपत्राला एक लांबलचक ओळख-क्रमांक दिला जातो. तो यदृच्छेने निवडलेला असल्यामुळे दोन प्रपत्रांना एकच क्रमांक येण्याची शक्यता नसल्यासारखीच असते. आधार क्रमांक जसा एका व्यक्तीचा, तसा हा क्रमांक एका नोंदीचा होय. ह्या दोन खुणा, म्हणजे नोंदीचा ओळख-क्रमांक व चित्राच्या फाइलीचे नाव, ह्याच त्या नात्याच्या दोन गाठी आहेत.

ह्यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. ‘हा आकडा काय म्हणून ठेवायचा’ असे म्हणून कोणी फाइलीचे नाव हाताने बदलून ‘सोयाबीन एक’ असे केले, तर उत्तरांच्या मजकुरातील नाव जुनेच राहते व गाठ सुटते. चित्र शाबूत असते, नोंदही शाबूत असते. परंतु एकाला दुसऱ्याचा पत्ता उरत नाही.

३. चित्राचे अंतरंग

मोबाइलच्या छायाचित्रात असंख्य रंगीत बिंदू असतात. समजा, एका फोनचा कॅमेरा ४००० बिंदू लांब व ३००० बिंदू रुंद असे चित्र घेतो. म्हणजे एकूण बिंदू १ कोटी २० लाख झाले. प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट, लागतात. तेव्हा संपूर्ण चित्राला ३ कोटी ६० लाख बाइट, म्हणजे ३६ मेगाबाइट जागा हवी. प्रत्यक्षात मात्र ती फाइल तीन-चार मेगाबाइटांचीच भरते. हे कसे घडते?

ह्याचे श्रेय जेपीईजी ह्या संक्षेपण-पद्धतीला आहे. १९९२ मध्ये प्रमाणित झालेल्या ह्या पद्धतीत चित्राचे आठ बिंदू लांब व आठ बिंदू रुंद असे लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील रंगछटांचे सावकाश होणारे बदल व झपाट्याने होणारे बदल गणिताने वेगळे काढतात. झपाट्याने होणारे बारीक बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते स्थूलमानाने नोंदतात अथवा गाळून टाकतात. हे पृथक्करण ज्या गणिती रूपांतराने होते त्याविषयीचा निबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव ह्या तिघांनी लिहिला होता. त्यांतील नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. आज जगातील बहुतेक प्रत्येक मोबाइलमध्ये त्यांच्या गणिताचा उपयोग होत आहे.

संक्षेपणात जे गाळले जाते ते पुन्हा मिळत नाही, हे विसरता कामा नये. चित्र उघडून, थोडे कापून, पुन्हा साठविले की पुन्हा एकदा गाळणी लागते. म्हणून मूळ चित्रावर कोणतेही संस्कार करू नयेत. करावयाचे असल्यास त्याची दुसरी प्रत काढून तिच्यावर करावेत.

फाइलीत चित्राबरोबर काही अदृश्य मजकूरही असतो. चित्र केव्हा घेतले, कोणत्या कॅमेऱ्याने घेतले, फोन उभा धरला होता की आडवा, आणि परवानगी दिलेली असल्यास कोणत्या ठिकाणी घेतले, हा तपशील फाइलीच्या प्रारंभी नोंदलेला असतो. त्यासाठी १९९५ मध्ये जपानात ‘एक्झिफ’ नावाचे प्रमाण निश्चित करण्यात आले.

स्थानाच्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे भूपृष्ठावर सुमारे १११ किलोमीटर. डेराबस्सीचे अक्षांश सुमारे ३०.५९ व रेखांश सुमारे ७६.८४ आहेत. दशांशचिन्हानंतर दोनच अंक दिले तर अक्षांशातील एका पायरीचे अंतर १.१ किलोमीटर होते. तेवढ्याने गाव सापडेल, पण शेत सापडणार नाही. चार अंक दिले तर ती पायरी ११ मीटरांची होते. एक गुंठा जमीन चौरस धरली तर तिची बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर असते. तेव्हा चौथा दशांश अंक हा साधारणपणे गुंठ्याच्या मापाचा, व पाचवा अंक हाताच्या कवेच्या मापाचा, असे म्हणता येईल. उघड्या आकाशाखाली मोबाइलची स्थाननिश्चिती बहुधा पाच मीटरांच्या आसपास बरोबर असते; दाट झाडी वा उंच इमारती यांच्याजवळ ती बिघडते. म्हणून प्रपत्रात केवळ स्थान नोंदवून भागत नाही. त्या क्षणी अचूकता किती मीटरांची होती हेही नोंदले पाहिजे. बांधाच्या कडेला उभे राहून घेतलेले चित्र शेजारच्या गटात दाखविले गेले, तर त्याचे कारण पुष्कळदा ह्या काही मीटरांत असते.

४. फोनमधून सर्व्हरकडे

डोंगराच्या कुशीतील शेतात मोबाइलला संपर्क मिळत नाही. म्हणून चांगल्या प्रपत्रात माहिती आधी फोनमध्येच साठविण्याची सोय असते. शेतकरी शेतात चित्र घेतो, आणि गावात, टेकडीवर किंवा बाजाराच्या ठिकाणी जेथे संपर्क मिळेल तेथे येऊन ती रवाना करतो. शेतातील साठवण व नंतरची रवानगी ह्या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, हे समजले नाही म्हणजे घोटाळा होतो. प्रपत्र भरून झाले की काम झाले असे वाटते. वास्तविक नोंद अद्याप फोनच्या बाहेर पडलेलीच नसते.

रवानगी होते ती पुढीलप्रमाणे. प्रथम उत्तरांचा मजकूर जातो. तो लहान, काही हजार अक्षरांचा असतो. त्याच्याबरोबर अथवा त्याच्यामागून चित्रे जातात. चित्रे मोठी असल्यामुळे ती कधी कधी एकाहून अधिक खेपांत पाठवावी लागतात. प्रत्येक खेपेबरोबर नोंदीचा ओळख-क्रमांक असतो, आणि सर्व्हर त्यावरून सर्व खेपा एकाच नोंदीखाली जमा करतो. मध्येच संपर्क तुटला तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवितो. ओळख-क्रमांक एकच असल्यामुळे सर्व्हरवर तिच्या दोन नोंदी होत नाहीत.

ह्या व्यवस्थेत एक खाचखळगा आहे. मजकूर पोचला व चित्र वाटेतच राहिले, असे घडू शकते. तक्त्यात नोंद दिसते, शेतकऱ्याचे नाव दिसते, पीक दिसते. चित्राच्या जागी मात्र केवळ नाव असते व त्या नावाची फाइल नसते. पाहणीच्या प्रमुखाने रोज सायंकाळी दोन आकडे जुळवून पाहावेत. मजकुरात किती चित्रांची नावे आली, व प्रत्यक्षात किती चित्रे जमा झाली. हे दोन आकडे समान नसतील तर उणीव कोणत्या नोंदीत आहे हे त्याच दिवशी शोधावे. फोन जोवर हातात आहे व चित्र फोनमध्ये आहे, तोवर इलाज सोपा असतो.

चित्र पोचले, पण जसेच्या तसे पोचले काय? ही शंका निराळी आहे. शाळेत मोठा गुणाकार केल्यावर अंकांची बेरीज करून, नऊ काढून टाकून, उत्तराचा पडताळा घेण्याची रीत शिकवितात. ग्रंथालयातील पुस्तकाच्या पाठीवर जो आयएसबीएन क्रमांक छापलेला असतो, त्याचा शेवटचा अंक हाही आधीच्या अंकांवरून काढलेला पडताळ्याचा अंक असतो. फाइलींसाठीही अशीच रीत आहे. फाइलीतील सर्व बाइटांवर ठराविक गणिती क्रिया करून एक लहान खूण काढतात. तिला हॅश अथवा फाइलीचा ठसा म्हणता येईल. एसएचए-२५६ ह्या प्रचलित पद्धतीत ही खूण ६४ चिन्हांची असते. चित्रातील एका बिंदूचा रंग किंचित बदलला तरी ती साफ बदलून जाते. निघतानाची व पोचल्यानंतरची खूण एक असेल तर फाइल वाटेत बदललेली नाही. आणि दोन निराळ्या शेतांच्या नोंदींतील चित्रांची खूण एकच निघाली, तर तेच चित्र दोन ठिकाणी लावले आहे हे लगेच कळते.

ह्यावरून पुढील नियम सांगता येतो. सर्व्हरवर चित्र पोचल्याची खात्री होईपर्यंत फोनमधील प्रत पुसू नये. फोनची जागा भरत आली म्हणून चित्रे घाईने काढून टाकणे हे छायाचित्र हरविण्याचे एक अगदी साधे कारण आहे.

कित्येक ठिकाणी प्रपत्राला बगल देऊन छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून पाठविली जातात. ते सोयीचे वाटते, परंतु फोटो म्हणून पाठविलेले चित्र तेथे लहान केले जाते, त्याच्या अंगचा स्थळकाळाचा अदृश्य तपशील गळून जातो व फाइलीचे नावही बदलते. म्हणजे ज्या गाठींचे वर्णन आपण केले त्या सर्वच एका वेळी सुटतात.

५. आकाराचा हिशेब

चित्र जितके मोठे तितके उत्तम, असा सर्वसाधारण समज असतो. तो तपासून पाहू. तीन मेगाबाइटांचे चित्र म्हणजे २४ मेगाबिट. संपर्क क्षीण असून सेकंदाला १०० किलोबिटच जात असतील, तर ह्या एका चित्राला २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे लागतील. तेच चित्र १०२४ बिंदू लांब व ७६८ बिंदू रुंद असे लहान केले, तर बिंदूंची संख्या सुमारे पंधरा पटींनी घटते आणि फाइल अंदाजे २०० किलोबाइटांची होते. ती १६ सेकंदांत जाईल. चार मिनिटे संपर्क टिकणे कठीण. सोळा सेकंद टिकणे सहज शक्य.

आता साठवणीकडे पाहू. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ५३ लाख वहितीखाती होती. प्रत्येक खात्यामागे एका हंगामात एकच चित्र आले असे धरले, तरी तीन मेगाबाइटांच्या हिशेबाने सुमारे ४६ टेराबाइट जागा लागेल. दोनशे किलोबाइटांच्या हिशेबाने सुमारे तीन टेराबाइट पुरेल. वर्षात खरीप, रब्बी व उन्हाळी असे तीन हंगाम असतात, आणि जपणुकीसाठी एकाहून अधिक प्रती ठेवाव्या लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळून येईल.

तथापि आकार किती लहान करावा ह्याचे उत्तर चित्राच्या प्रयोजनावर अवलंबून असते. शेतात ऊस आहे की तूर, हे लहान चित्रातही ओळखू येते. परंतु पानावरील तांबेऱ्याचे ठिपके पाहावयाचे असतील, किंवा विहिरीवरील पाटीचा मजकूर वाचावयाचा असेल, तर मोठे चित्रच हवे. म्हणून पाहणीच्या आरंभीच दहा-वीस चित्रे घेऊन, ती निरनिराळ्या आकारांत लहान करून, कोणत्या आकारापर्यंत आपल्या प्रश्नाचे उत्तर चित्रातून मिळते हे पाहावे. प्रपत्रातच कमाल बिंदुसंख्या ठरवून देता येते. तशी ती दिली म्हणजे प्रत्येक फोनवर एकच नियम लागू होतो.

६. दप्तराची रचना

सर्व्हरवरून माहिती उतरवून घेतली म्हणजे एक तक्ता व चित्रांचा एक ढीग हाती येतो. ह्या ढिगाची व्यवस्था लावण्याचे काम ग्रंथपालाच्या कामासारखेच आहे. पुस्तक कोठे ठेवावे ह्याचा नियम आधी ठरलेला असतो. पुस्तके आल्यावर तो शोधीत बसत नाहीत.

पहिला नियम असा की, चित्राच्या नावावरूनच त्याची नोंद सापडावी. निरनिराळ्या फोनांतून आलेल्या दोन फाइलींची नावे एकच असू शकतात; त्या एका दालनात टाकल्या तर दुसरी पहिलीला पुसून तिची जागा घेते. म्हणून प्रत्येक नावाच्या आधी नोंदीचा ओळख-क्रमांक जोडावा. हे काम हाताने करू नये. संगणकाला तक्ता वाचावयास लावून त्याच्याकडूनच नावे बदलून घ्यावी, व जुने नाव आणि नवे नाव ह्यांची यादी जपून ठेवावी. तारीख लिहिताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा, म्हणजे फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

दुसरा नियम असा की, मूळ चित्रे एका बंद दालनात ठेवावी व तेथे कोणी फेरफार करू नये. अहवालासाठी फिरविलेली, कापलेली, उजळ केलेली चित्रे निराळ्या दालनात असावी.

तिसरा नियम प्रतींचा आहे. तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी अथवा दुसऱ्या इमारतीत असावी. एकाच कपाटातील तीन प्रती आगीत किंवा पुरात एकदमच जातात. वर्षातून एकदा तरी राखीव प्रत उघडून, त्यातील काही चित्रे पाहून, त्यांचे ठसे मूळ यादीशी ताडून पाहावेत. जी प्रत कधी उघडून पाहिलीच नाही, तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे असते.

चौथा नियम काळाच्या तीन नोंदींचा होय. चित्र घेतल्याची वेळ, प्रपत्र पूर्ण केल्याची वेळ आणि सर्व्हरला मिळाल्याची वेळ ह्या तिन्ही स्वतंत्रपणे ठेवाव्या. पहिल्या दोन वेळा फोनच्या घड्याळावर अवलंबून असतात व ते चुकीचे असू शकते. तिसरी सर्व्हरच्या घड्याळाची असते. चित्र घेतल्यानंतर ते चार दिवसांनी पोचले, एवढ्यावरून लबाडीचा संशय घेऊ नये. दुर्गम गावात असा विलंब स्वाभाविक असतो.

७. छायाचित्र किती खरे?

इतकी सर्व काळजी घेतली तरी एक प्रश्न उरतोच. चित्र सुखरूप पोचले. पण ते खरे आहे काय?

ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी मोबाइलवरून, दिवसातून दोनदा छायाचित्रे घेऊन नोंदण्याची पद्धत १ जानेवारी २०२३ पासून देशभर सक्तीची करण्यात आली. चित्रांवर वेळ व स्थान यांची नोंद होत असे. तरीही जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून अनेक गैरप्रकार निदर्शनास आणले. कामाशी संबंध नसलेली चित्रे चढविलेली होती, जिवंत माणसांऐवजी छायाचित्राचेच छायाचित्र घेतलेले होते, सकाळच्या व दुपारच्या चित्रांतील माणसे निराळी होती, आणि हजेरीतील संख्या व चित्रातील संख्या जुळत नव्हती.

ह्यातून घ्यावयाचा बोध महत्त्वाचा आहे. स्थान, वेळ व फाइलीचा ठसा हे चित्र केव्हा व कोठे घेतले आणि ते बदलले की नाही एवढेच सांगू शकतात. चित्रात काय आहे ते पाहण्यास डोळाच लागतो. छायाचित्रे केवळ जमा करीत गेलो व ती कोणी पाहिलीच नाहीत, तर कोट्यवधी चित्रांचे दप्तर निरुपयोगी होय. म्हणून जाणीवपूर्वक आखलेल्या पाहणीत नमुना-तपासणीची तरतूद असते. ई-पीक पाहणीत शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानावी, तिच्यात ४८ तासांच्या आत दुरुस्ती करण्याची संधी त्याला द्यावी, आणि एकूण नोंदींपैकी १० टक्के नोंदींची तपासणी तलाठ्याने करावी, अशी व्यवस्था २०२२ मध्ये करण्यात आली. थोड्या नोंदी, पण त्या आगाऊ न सांगता निवडून बारकाईने तपासल्या, तर साऱ्या दप्तराची विश्वसनीयता वाढते. फोनमधील जुने चित्र निवडण्यास मज्जाव करून तेथल्या तेथे नवेच चित्र घ्यावयास लावणे, हीदेखील एक उपयुक्त युक्ती आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याचे चित्र पोचले नाही तो शेतकरी खोटा ठरत नाही. फोन जुना असेल, संपर्क नसेल, डोळे अधू असतील. चित्राचा अभाव हा पिकाच्या अभावाचा पुरावा नव्हे. अशा नोंदींसाठी प्रत्यक्ष पाहणीचा जुना मार्ग मोकळा ठेवणे हे न्यायाचे आहे आणि शास्त्रालाही धरून आहे.

८. माणसाचा मान

छायाचित्रात पिकाबरोबर माणसे, घरे व मुले येतात. त्यावर स्थान लिहिलेले असते, म्हणजे कोण कोठे राहतो हेही कळते. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे सांगावे, आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्यामागील मुख्य तत्त्व होय. पाहणी करणाऱ्याने चित्र घेण्यापूर्वी विचारावे. चेहऱ्याची गरज नसेल तेथे चेहरा टाळावा. अहवालात छापावयाच्या प्रतीतून स्थानाचा तपशील काढून टाकावा. आणि दप्तर किती वर्षे ठेवावयाचे व नंतर कोणाच्या सहीने नष्ट करावयाचे, हे आरंभीच लिहून ठेवावे.

९. करून पाहा

शाळेच्या आवारातील वीस झाडांची पाहणी करावी. एका वहीत प्रत्येक झाडासाठी क्रमांक, झाडाचे नाव, जमिनीपासून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, तारीख व वेळ असे रकाने आखावेत. शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्येक झाडाचे एक छायाचित्र घ्यावे व फाइलीचे नाव वहीत त्याच ओळीत लिहावे. नंतर पुढील प्रयोग करावेत.

पहिला प्रयोग : सर्व चित्रे संगणकात उतरवून घ्यावी. वहीतील नावे व जमा झालेल्या फाइली मोजून दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे.

दुसरा प्रयोग : पाच चित्रांची प्रत काढून त्यांची नावे एका विद्यार्थ्याने बदलावी. वही न पाहता कोणते चित्र कोणत्या झाडाचे हे दुसऱ्या विद्यार्थ्याने ओळखण्याचा प्रयत्न करावा. किती उत्तरे बरोबर आली?

तिसरा प्रयोग : एकच चित्र निरनिराळ्या आकारांत लहान करावे. पानांची कडा कोणत्या आकारापर्यंत स्पष्ट दिसते ते नोंदवावे, व प्रत्येक फाइलीचे आकारमान लिहून त्यांचा आलेख काढावा.

चौथा प्रयोग : एका झाडापाशी उभे राहून पाच वेळा स्थान नोंदवावे. आकड्यांतील फरक कोणत्या दशांश स्थानापासून सुरू होतो ते पाहून तो मीटरांत मांडावा.

दुसऱ्या प्रयोगात आंबा व कडुनिंब ओळखता येतील. पण आवारात एकसारखे पाच अशोक ओळीने उभे असतील तर विद्यार्थी थबकेल. पाच अशोकांतील हा घोटाळा शाळेच्या आवारात हसण्यावारी नेता येतो. पुराने बुडालेल्या शेतांच्या बाबतीत मात्र त्याचे मोल शेतकऱ्याला द्यावे लागते. वहीतील एका ओळीचे व एका चित्राचे नाते जपण्याची सवय येथेच लागली, तर उद्या गावच्या दप्तराचे काम ज्यांच्या हाती येईल त्यांना ती उपयोगी पडेल.